जायला साठ, घ्यायला अठ्ठावन्न

दुबईत देऱ्याच्या धक्क्यावर खाडीपलीकडे जाणाऱ्या अब्रा होडीची वाट बघत मैथिली उभी होती, तेवढ्यात फोनवर बाबांचे दोन फोटो आले. पहिला तिने सहज उघडला. दुसरा उघडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. होडी आली, भरली, सुटली, तरी ती धक्क्यावरच.

दोन पत्रं होती. पहिल्यात लिहिलं होतं की श्री. विष्णू शेलार, इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर, रुवैस, हे येत्या एक जूनला वयाची साठ वर्षं पूर्ण करत आहेत, सबब नियमाप्रमाणे त्या दिवशी त्यांची सेवा संपेल. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल कंपनी ऋणी आहे, वगैरे. दुसऱ्यात लिहिलं होतं की सेवा संपताना श्री. विष्णू शेलार यांचं वय अठ्ठावन्न आहे, म्हणजे साठ पूर्ण व्हायच्या आत ते जात आहेत, सबब बचत योजनेतला कंपनीचा वाटा त्यांना निम्माच मिळेल. दोन्ही पत्रांवर तारीख एकच, शिक्का एकच, सही एकाच बाईची. माणूसही एकच. फक्त जायला साठ आणि घ्यायला अठ्ठावन्न.

खाली बाबांनी लिहिलं होतं: 'बाळा, ही प्रिंटिंग मिस्टेक आहे का? तू बघ. तुझंच फील्ड आहे.'

होतंच तिचं फील्ड. तेच तर दुखणं होतं.

मैथिली सत्तावीस वर्षांची, दुबईतच जन्मलेली आणि इथेच वाढलेली. देऱ्यातल्या एका छोट्या ॲक्च्युरियल कंपनीत ती चार वर्षं काम करत होती. काम असं, की एखाद्या कंपनीच्या नोकरांना ते निवृत्त होतील तेव्हा जे पैसे द्यावे लागतील, त्यासाठी आज किती रक्कम बाजूला ठेवावी, याचं गणित मांडायचं. त्यासाठी प्रत्येक माणसाच्या चार गोष्टी लागतात: जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, मूळ पगार आणि योजनेचे नियम. नाव लागत नाही. नाव नसलं की माणसावर राग येत नाही, दया येत नाही, आणि गणित सोपं जातं.

जानेवारीत फाइल आली ती बाबांच्याच कंपनीची. अबू धाबीपुढच्या रुवैसच्या रिफायनरीची देखभाल करणारी ही कंत्राटी कंपनी, एकोणीसशे माणसं. कायद्याची ग्रॅच्युइटी तर तिथे होतीच, ती कुणाच्या बापाला बुडवता येत नाही. पण जुन्या लोकांसाठी कंपनीने वर एक बचत योजना काढली होती: पगारातून थोडे माणसाचे, थोडे कंपनीचे. साठ पूर्ण करून निवृत्त झालात तर कंपनीचा वाटा पूर्ण. त्याआधी गेलात तर निम्मा. मैथिलीने साहेबांना, म्हणजे सुजीत सरांना, पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, माझे बाबा आहेत या फाइलमध्ये. डिक्लेअर करू का?"

"अगं, सुपरवायझरच ना? डायरेक्टर थोडेच आहेत," सुजीत सर म्हणाले. "एकोणीसशे लोकांत एक. कशाला उगाच फॉर्म भरत बसतेस? यल्ला, चल, डेटा चेक करून टाक."

तिने फॉर्म भरला नाही. ती तिची पहिली चूक.

दुसरी चूक अशी, की तिने काम फार चोख केलं. तपासणीच्या प्रोग्रामने लाल खूण दाखवली: दोनशे बारा माणसांची जन्मतारीख एक जून. एकोणीसशेमध्ये एका तारखेला पाच-सहा माणसं जन्मावीत, फार तर दहा. दोनशे बारा? तिने आपल्या इंग्रजीत टिपण लिहिलं, की ही तारीख कुणीतरी रकाना भरायचा म्हणून भरलेली दिसते, ही वयं विश्वासार्ह नाहीत, क्लायंटने या लोकांकडून खरी जन्मतारीख मागवावी. लिहिताना तिला आठवण झाली होती की बाबांचा वाढदिवसही एक जूनच. दर वर्षी ती फोन करायची आणि बाबा "हो हो, थँक्यू" म्हणून विषय बदलायचे. दोनशे बारांतली एक तारीख तरी शंभर टक्के खरी आहे, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं आणि तिला गंमतही वाटली होती.

आता धक्क्यावर उभं राहून तिला ती गंमत आठवली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. योजनेतला बाबांचा पूर्ण वाटा एक लाख चौऱ्याऐंशी हजार दिरहम. निम्मे म्हणजे ब्याण्णव हजार गेले, म्हणजे बावीस लाख रुपये. वारज्याच्या फ्लॅटचं कर्ज अजून एकवीस लाख उरलं होतं. जूननंतर बाबांचा व्हिसा नाही, पगार नाही, आणि इथलं भाडं तिच्या एकटीच्या पगारात बसत नाही. परत जायचं तर त्या फ्लॅटमध्ये, आणि फ्लॅट बँकेचा. म्हणजे कुठे जायचं?

ती वळली आणि तरातरा ऑफिसकडे निघाली.

सुजीत सर लॅपटॉप बंद करत होते. मैथिलीने न विचारता समोरची खुर्ची ओढली, आपला लॅपटॉप उघडला आणि बाबांच्या कंपनीची नवी फाइल वर आणली. डेटा-पडताळणीपायी लांबलेला तो रिपोर्ट शेवटच्या टप्प्यात होता आणि महिनाभर सरांनी तो स्वतःकडे ठेवला होता. आता त्यात जन्मतारखेचे रकाने दोन होते. एकावर 'निवृत्तीसाठी', दुसऱ्यावर 'लाभासाठी'.

"हे काय आहे, सर?"

"क्लायंट रिक्वेस्ट," सर म्हणाले. "तूच क्वेरी काढलीस ना? त्यांनी दोनशे बारा जणांना फॉर्म पाठवला, की तुमची खरी जन्मतारीख लिहा. दोनशे एक जणांनी गप एक जूनच लिहिलं. अकरा महाभागांनी वेगळी तारीख लिहून दिली, वर सही केली. आता व्हिसा, पासपोर्ट सगळं जुन्या तारखेवर आहे, त्यामुळे रिटायर त्याच तारखेला करावं लागतं. पण स्कीमच्या नियमात 'ॲक्च्युअल एज' लिहिलंय. आणि ॲक्च्युअल एज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय."

"म्हणजे घालवायला पासपोर्ट आणि पैसे कापायला फॉर्म?"

"नऊ लाख दिरहम वाचतायत त्यांचे. खूश आहेत एकदम."

"एका माणसाला दोन वयं असतात का हो, सर?"

"मॉडेलला चालतं," सर म्हणाले.

मैथिलीला वाटलं, टेबलावरचा पेनस्टँड उचलून यांच्या मॉडेलमध्ये घालावा. तिने आवाज खाली ठेवला; तिचा राग चढला की आवाज उतरायचा, हे तिने बाबांकडून घेतलं होतं. "त्या अकरांत माझे बाबा आहेत. आणि मला एक सांगा. दोनशे बारा लोकांची तारीख एक जून का आहे? तुम्हाला माहीत होतं?"

सुजीत सर पुण्याचे. सदाशिव पेठेत वाढलेले, शिक्षकाचे चिरंजीव. त्यांनी चष्मा काढून पुसला. "अगं, अख्ख्या पिढीचाच एक जून असतो. माझ्या वडिलांचा एक जून, काकांचा एक जून. गावाकडे जन्माची नोंद कुठे असायची? पोराला शाळेत आणलं की गुरुजी एक जून टाकून द्यायचे. शाळा जूनला सुरू व्हायची ना."

"मग माझं टिपण वाचलंत तेव्हा का नाही बोललात?"

"तू विचारलं नाहीस. आणि क्लायंटला क्वेरी आवडली. डेटा-क्लीनिंगची वेगळी फी मिळाली आपल्याला."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या आणि वर पावती फाडायची, असा हा धंदा. मैथिली उठली. सर मागून म्हणाले, "इमोशनल होऊ नकोस. सोमवारी रिपोर्ट लंडनला सहीला जायचाय. डेटाच्या पानावर तुझी सही लागेल." तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी बाबा रुवैसहून आले. दर पंधरवड्याला कंपनीच्या मित्राच्या गाडीतून ते बर दुबईला येत. आई आणि मैथिली तिथे मीना बाजारच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत. आल्या आल्या त्यांनी बूट काढले, हात धुतले आणि जेवणाच्या टेबलावर दोन्ही पत्रं शेजारीशेजारी मांडली. जणू एखादं बिघडलेलं मीटर उघडून ठेवलंय आणि आता मुलगी दोष शोधणार.

आईच्या तोंडाचा पट्टा आदल्या रात्रीपासूनच सुटला होता. "पंचवीस वर्षं वाळूत काढली आणि शेवटच्या वर्षी सत्यवादी व्हायचं सुचलं यांना! लोक काय मूर्ख होते? दोनशे लोकांनी एक जून लिहून दिलं ना गपचूप? तुम्हालाच कोण विचारायला आलं होतं?"

"विचारलं होतं म्हणून तर लिहिलं, अर्चना," बाबा म्हणाले. "फॉर्मवर मोठ्या अक्षरात होतं, खरी जन्मतारीख लिहा. मला वाटलं, रेकॉर्ड दुरुस्त करतायत. तीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं. बरं वाटलं."

"काय लिहिलंत तुम्ही, बाबा?" मैथिलीने विचारलं.

"जे आहे ते. पंधरा डिसेंबर सदुसष्ट."

सत्तावीस वर्षं या माणसाला मैथिली बाबा म्हणत होती आणि त्याचा वाढदिवस तिला आज कळत होता.

"कोयनेचा भूकंप झाला ना, त्यानंतरची चौथी रात्र," बाबा सांगू लागले. "आमचं गाव पाटणच्या वर. घरात जायला माणसं घाबरत होती, सगळा गाव शेतात झोपायचा. दोन बैलगाड्या उभ्या करून, मध्ये घोंगड्या बांधून माझ्या आईचं बाळंतपण केलं. तारीख विसरेल का ती? आमच्या खोऱ्यातला कुणीच ते दिवस विसरत नाही. पुढे भावाबरोबर शाळेत जाऊन बसायचो. गुरुजींना पट कमी पडत होता. पट भरला नाही तर दुसरा मास्तर मिळत नव्हता. त्यांनी मला सहा वर्षांचा करून टाकला. एक जून सहासष्ट. आई भांडायला गेली होती शाळेत. गुरुजी म्हणाले, बाई, कागदच आहे, काय बिघडतंय?"

"आणि दत्तजयंतीचा शिरा," आई एकदम म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "दर वर्षी करते ना. तिथीने त्याच सुमाराला यांचा जन्म. दत्ताचा नाही तो. यांचा आहे."

लहानपणापासून मैथिली तो शिरा प्रसाद म्हणून खात आली होती. आई बाबांना ओवाळायची, तेही तिला देवाचंच काहीतरी वाटायचं. तिने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. इथे जन्मलेल्या पोरांना आई-बापाच्या अर्ध्या गोष्टी माहीत नसतात आणि उरलेल्या अर्ध्या व्हिसाच्या फॉर्मवरून कळतात.

"बाबा," ती म्हणाली, "तो फॉर्म माझ्यामुळे आला."

बाबांना कळलं नाही. तिने सगळं सांगितलं: फाइल, लाल खूण, दोनशे बारा, टिपण, दोन रकाने. बाबांच्या साइटवर तिच्या नावाचा किती डंका होता, हे तिला ठाऊक होतं. मुलगी मोठ्या हिशेबाची ऑफिसर आहे, मोठमोठ्या कंपन्यांच्या पेन्शनी ठरवते, असं ते चहाच्या टपरीपासून गेटपर्यंत सांगायचे. ती बोलत असताना त्यांचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"काय लिहिलं होतंस तू नक्की? तोच शब्द सांग."

"आय रोट... प्रॉबेबल एरर. डिफॉल्ट व्हॅल्यू."

"म्हणजे मी एरर."

"बाबा, मला नाव दिसत नव्हतं. आय डिडन्ट नो!"

"तुला दोनशे बारा माणसं दिसली ना? का म्हणून एक फोन नाही केलास? बाबा, हे एवढे एक जून कसे, एवढंच विचारायचं होतं. मी दोन मिनिटांत सांगितलं असतं. साइटवरचा कुठलाही हेल्पर सांगेल. तुझ्या कॉम्प्युटरला नाही कळणार, कारण त्याला आई नाही. तुला तर आहे!" बाबांचा आवाज अगदी खाली गेला होता, आणि मैथिलीला तो ओरडण्यापेक्षा जास्त लागला. "मी मीटर दुरुस्त करतो, मैथिली. काटा वेडावाकडा दिसला तर आधी पाइपात काय आहे ते बघतो. मीटर खराब आहे असं लगेच लिहून देत नाही."

त्यांनी पत्रं घडी करून खिशात ठेवली, जेवले नाहीत आणि खाली निघून गेले. आई म्हणाली, "येतील." दुपारी चारला आले. मैथिलीशी एक शब्द बोलले नाहीत. रविवारी गाडीत बसताना तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि म्हणाले, "खऱ्याला मरण नाही म्हणतात." मग थोडं थांबून म्हणाले, "मरण नसेल. पैसे मात्र निम्मे मिळतात."

सोमवारी सकाळी मैथिलीने तो जानेवारीत न भरलेला फॉर्म भरला. हितसंबंध जाहीर करण्याचा फॉर्म असतो आणि तो रिपोर्टवर सही करणाऱ्या लंडनच्या मुख्य ॲक्च्युअरीकडे थेट जातो. सुजीत सरांना मधे अडवता येत नाही. त्यात 'संबंधाचं स्वरूप' असा रकाना होता. तिने लिहिलं: या फाइलमधल्या अकरा माणसांना दोन-दोन जन्मतारखा दिल्या आहेत. एका तारखेने त्यांना निवृत्त केलं जातं आणि दुसरीने त्यांचा वाटा निम्मा होतो. त्या अकरांपैकी एक माझे वडील आहेत. हे मी जानेवारीत जाहीर करायला हवं होतं. केलं नाही, ती चूक माझी. दोन रकाने ही चूक माझी नाही. डेटाच्या पानावर मी सही करणार नाही.

उत्तर दुपारच्या आत आलं, दोन ओळींचं, सुजीत सरांना आणि तिला दोघांना. मैथिलीला ताबडतोब फाइलवरून काढावं. आणि या अकरा माणसांचं वय नक्की किती आहे? एकच सांगा; दोन वयांच्या माणसाच्या रिपोर्टवर मी सही करत नाही.

सुजीत सर तिच्या टेबलाजवळ आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "तू मला बायपास केलंस."

"फॉर्म भरला, सर. तुम्हीच म्हणाला होतात, कशाला भरतेस."

"नऊ लाखांचं सेव्हिंग मी त्यांना सांगून बसलोय! आता काय तोंड दाखवू क्लायंटला?"

"तुमच्याकडे दोन असतील ना?" मैथिली म्हणाली. "एक जायचं, एक घ्यायचं." अख्खं ऑफिस ऐकत होतं. तिला त्या क्षणी फार बरं वाटलं आणि पुढच्याच क्षणी भीती वाटली. ती खरी ठरली: लेखी ताकीद आली, वर्षअखेरची बढती गेली. सुजीत सरांना काही झालं नाही. असल्या माणसांना कधी काही होत नसतं. ते नेहमी क्लायंटच्या रिक्वेस्टवर काम करत असतात.

पण गाडं अडलं ते अडलंच. सही नाही म्हणजे रिपोर्ट नाही, रिपोर्ट नाही म्हणजे ऑडिट नाही. कंपनीला एक तारीख निवडणं भाग होतं. डिसेंबरची तारीख घेतली तर बाबांना अजून दीड वर्ष पगार देऊन ठेवावं लागणार होतं आणि पासपोर्टवर ते बसत नव्हतं. म्हणून कंपनीने नाइलाजाने एक जून निवडला. सगळ्या अकरांना पूर्ण वाटा मिळणार होता. फक्त एका अटीवर.

अट बाबांनी फोनवर वाचून दाखवली. मे महिन्याचा मधला शुक्रवार होता, आई कणीक मळत होती. एचआरच्या रुखसार मॅडमनी, म्हणजे त्याच दोन पत्रांवर सही करणाऱ्या बाईंनी, अकराही जणांना एक कागद पाठवला होता: 'माझी जन्मतारीख १ जून हीच खरी आहे. याआधी मी लेखी दिलेली तारीख खोटी होती. चुकीची माहिती दिल्याबद्दल मी दिलगीर आहे.'

"खोटी," बाबा म्हणाले. "चुकीची नाही, खोटी. फॉल्स. मी मॅडमला विचारलं, वर्ड बदलाल का? त्या म्हणाल्या, लीगलने दिलाय, सर, मैं क्या करूं. खैरुद्दीनही होता माझ्याबरोबर. रत्नागिरीचा, पेंटिंगचा फोरमन. त्यानेही खरी तारीख लिहिली होती. तो म्हणाला, शेलार, अल्लासमोर खरं आहे, कागदावर खोटं लिहू. मी म्हटलं, तुझी आई आहे का रे? म्हणाला, नाही. म्हटलं, माझीही नाही. म्हणून तर भीती वाटते. आता ती भांडायला येणार नाही."

मैथिलीला म्हणायचं होतं, नका करू सही. तिला त्या लीगलवाल्याच्या, त्या रुखसार मॅडमच्या, सुजीत सरांच्या आणि स्वतःच्याही नावाने मोठ्याने शिव्या घालायच्या होत्या. पण एकवीस लाखांचा आकडा तिच्या जिभेवर बसला होता. आईने कणकेचे हात तसेच ठेवून फोनजवळ तोंड नेलं. "करा सही. सासूबाईंना मी सांगते. त्या माझं ऐकतात."

पलीकडून कागद घडी केल्याचा आवाज आला.

"ठीक आहे, करतो सही," बाबा म्हणाले. "पण पैसे आधी जमा होऊ देत. मग बघू."

एक जूनला दुपारी रुवैसच्या कंपनीच्या कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. मैथिली ताकीद-बिकीद गुंडाळून ठेवून रजेवर आली होती, आई इस्त्रीच्या साडीत. स्टीलच्या लांब टेबलांवर समोसे आणि कागदी प्लेटा, भिंतीवर सुरक्षेच्या पाट्या, आणि समोर रुखसार मॅडमनी अबू धाबीहून मागवलेला दोन किलोंचा केक. पांढऱ्या क्रीमवर निळ्या अक्षरांत 'हॅपी सिक्स्टीएथ बर्थडे, विष्णूजी'. शंभरएक माणसं होती. साइटवरून तशीच आलेली, हेल्मेट काखेत, कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याचा लाल वळ.

प्रोजेक्ट मॅनेजरने दोन वाक्यांत आभार मानले, घड्याळ दिलं, फोटो काढला. रुखसार मॅडमनी बाबांच्या हातात प्लॅस्टिकची सुरी दिली आणि स्वतःच गाणं सुरू केलं. माणसं टाळ्या वाजवत गाऊ लागली. बाबा सुरी धरून उभे होते. त्यांनी केककडे पाहिलं नाही, मैथिलीकडे पाहिलं. ओठ न हलवता भुवई वर केली.

मैथिलीने फोन पाहिला. बाबांनी बँकेचे मेसेज तिच्या नंबरवर लावले होते. सकाळपासून तिने तो पन्नास वेळा पाहिला होता. मेसेज आला होता, अकरा मिनिटांपूर्वी. तिने आकडा दोनदा वाचला. ग्रॅच्युइटी धरून पूर्ण; वाटाही पूर्ण. एक दिरहमही कमी नाही. तिने मान हलवली.

बाबांनी सुरी टेबलावर ठेवली.

गाणं अर्ध्यात विरलं. बाबांनी घसा साफ केला. त्यांना भाषणाची सवय नव्हती. त्यांनी मीटरचं रीडिंग सांगतात तसं सांगितलं, हिंदीत, सगळ्यांना कळेल असं.

"मेरा जन्मदिन आज नहीं है. पंद्रह दिसंबर, उन्नीस सौ सड़सठ. कोयना के भूकंप के बाद चौथी रात. मेरी माँ ने बताया था, और मेरी माँ झूठ नहीं बोलती थी. पिछले महीने मैंने एक कागज पे लिख के दिया कि वो झूठ है. वो लिखना झूठ था. बस, इतना ही."

प्रोजेक्ट मॅनेजरने रुखसार मॅडमकडे पाहिलं, रुखसार मॅडमनी जमिनीकडे. आईने पदर तोंडाला लावला होता, पण तिचे डोळे कोरडे आणि चकचकीत होते. बाबांनी फॉर्मवर खरं लिहिलं म्हणून भडकलेली बाई आज पहिल्यांदा त्यांच्याकडे अभिमानाने बघत होती.

मग मागून कुणीतरी प्लेट टेबलावर आपटली. खैरुद्दीन होता. त्याच्या निवृत्तीला अजून एक वर्ष होतं आणि त्याचे पैसे अजून यायचे होते. मैथिलीने त्याच्याकडे बघून घाईघाईने मान हलवली, नको, आत्ता नको. त्याने तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

"बकरी ईदचा दुसरा दिवस," तो म्हणाला. "सन अडुसष्ट. शाळेत एक जून."

"नवरात्राची सातवी माळ," भिंतीजवळून एक आवाज आला. "साल माहीत नाही. आईला माहीत होतं. शाळेत एक जून."

"आमच्याकडे पहिली भात लावणी झाली त्या दिवशी. एक जून."

"एक जून."

"एक जून."

एकेक माणूस बोलत गेला, कुणी मराठीत, कुणी हिंदीत. अकराच होते असं नाही. ज्या दोनशे एक जणांनी फॉर्मवर गप्प राहून एक जून लिहिला होता, त्यांतलेही बोलत होते. मैथिलीने त्यांना मोजायचा प्रयत्न केला नाही. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच एका रकान्यातल्या माणसांचे चेहरे ती बघत होती, आणि तिला विलक्षण राग आला होता. हा राग आता कुणा एकावर नव्हता, आणि त्यातला मोठा हिस्सा तिच्या स्वतःच्या वाट्याचा होता.

आवाज थांबले. माणसं हेल्मेट उचलून बाहेर पडू लागली. जाता जाता प्रत्येकाने बाबांच्या खांद्याला हात लावला. समोसे संपले होते. केकला कुणी शिवलं नव्हतं.

बाबांनी घड्याळाचा डबा बायकोच्या हाती दिला आणि मैथिलीचा हात धरला. त्या शनिवारच्या भांडणानंतर प्रथमच, दीड महिन्याने.

"सर," रुखसार मॅडम मागून अडखळत म्हणाल्या, "केक का क्या करूं?"

बाबा दारात थांबले.

"फाइल में लगा दो, मॅडम," ते म्हणाले. "बर्थडे उसी का है."